चौथ्या खुर्चीतला चहा

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. सिनेमाच्या शूटिंगवर मी कॅमेऱ्याशेजारी एका स्टुलावर बसते आणि लिहिते. नायकाने सिगारेट कोणत्या हातात धरली होती, किती जळली होती, शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं की उघडं, कपात चहा किती होता. एक प्रसंग तुकड्यातुकड्याने चार-चार दिवस चित्रित होतो, पण पडद्यावर तो दोन मिनिटांत सलग दिसायला हवा. चहा आधी अर्धा आणि मग भरलेला दिसला तर थिएटरात शेवटच्या रांगेतला माणूसही खुदकन हसतो. तसं होऊ नये म्हणून मला ठेवतात. युनिटमध्ये सगळे मला दुर्बीण म्हणतात. सत्तावीस वर्षांत माझ्या वहीत एकही चूक निघालेली नाही. बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण मी बढाई म्हणूनच सांगते. पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

ज्या बाईंच्या हाताखाली मी शिकले त्यांनी एकच नियम दिला होता. फिल्मवर जे आलं ते खरं. ते चुकलेलं असलं तरी मागचं बदलायचं नाही, पुढचं त्याच्याशी जुळवून घ्यायचं.

त्या वर्षी प्रत्येक दाराबाहेर कार्ड लावायचा हुकूम निघाला होता. वर घराचा क्रमांक, खाली राहणाऱ्या माणसांचा आकडा. कारकून कधीही येत, आकडा बघत, आतली माणसं मोजत. आमच्या दिग्दर्शकाने त्यावरच सिनेमा काढायला घेतला होता, आणि परवानगीच्या कागदावर शहाण्याने लिहिलं होतं, ‘कौटुंबिक’. गोष्ट अशी: कार्डं तपासणारा एक कारकून. घरी तो, बायको आणि आई, अशी तीन माणसं. एके दिवशी जेवणाच्या टेबलाशी तो सवयीने मोजतो आणि आकडा चार येतो. पुन्हा मोजतो, चारच. शेवटी कार्ड खरं ठरावं म्हणून तो स्वतःच्या आईचं नाव वर कळवतो. चौथा माणूस प्रेक्षकाला कधी दिसायचाच नव्हता. दिसायची ती फक्त टेबलाशी एक रिकामी खुर्ची.

माझ्या दारावरच्या कार्डावर एकचा आकडा होता. तो खोटा होता.

दादा तीन आठवडे माझ्या मागच्या खोलीत राहत होता. दादा छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवणारा. त्याने जुळवलेल्या एका पत्रकापायी छापखान्यातले दोघे गेले होते. ‘गेले’ म्हणजे कुठे, हे त्या वर्षी कुणी विचारत नसे. मी सकाळी बाहेरून कुलूप लावून निघायची. दिवसभर त्याने चपला घालायच्या नाहीत, नळ सोडायचा नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. छापखान्याच्या ओळखीतला एक ट्रकवाला त्याला सीमेपलीकडे नेणार होता, पण त्याची खेप चौदा दिवसांनी होती. मला चौदा दिवस काढायचे होते. जगात दुसरं काही नको होतं.

जेवणघराच्या सेटवर काम सुरू झालं. गोल टेबल, चार खुर्च्या, पिवळ्या शेडचा दिवा, भिंतीवर बंद घड्याळ. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत लॅबमधून पहिल्या दिवसाच्या रशेस आल्या. रशेस म्हणजे चित्रित केलेलं जसंच्या तसं, कापाकापी न केलेलं. स्टुडिओच्या मागच्या छोट्या खोलीत आम्ही सात-आठ जण डबे उघडून बसलो, दिवा मालवला आणि यंत्र खरखरायला लागलं.

चौथ्या खुर्चीत एक माणूस बसला होता.

पन्नाशीचा. राखाडी स्वेटर, डावीकडे भांग, दाढी नीट केलेली. उजव्या हातात कप, कपात चहा काठोकाठ. तो काही करत नव्हता. नायक बोलला की त्याच्याकडे बघायचा, बायको बोलली की तिच्याकडे. पाहुणे बसतात तसा बसला होता.

खोलीत कुणाच्याही चावण्याचा आवाज येईना. दिग्दर्शक म्हणाला, “याला कुणी पाठवलं?” मॅनेजरने कॅमेरामनकडे बघितलं, कॅमेरामनने डब्यात. मला प्रत्येकाच्या मनातलं वाचता येत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. हा कार्डं तपासणाऱ्या खात्याचा माणूस, सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मलाच सांगितलेलं नाही. अशा माणसाबद्दल त्या वर्षी कुणी दोनदा विचारत नसे.

प्रत्येक शॉटनंतर मी फोटो लगेच बाहेर देणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एक फोटो काढते. तो फोटो माझ्या मांडीवर होता. त्यात चौथी खुर्ची रिकामी होती.

“दुर्बीणबाई,” दिग्दर्शक म्हणाला, “तुमच्या वहीत काय आहे?”

रिकामी, एवढं म्हणायचं होतं. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. एक तर मी आंधळी होते, नाहीतर यंत्र खोटं बोलत होतं, आणि यंत्रावर कोण शंका घेणार? शिवाय घरी दादा होता. माझ्यावर कुणाची नजर खिळावी असं मला त्या दिवसांत मुळीच वाटत नव्हतं.

“आहे ना,” मी म्हटलं. “राखाडी स्वेटर. कप उजव्या हातात.” आणि तिथल्या तिथे, अंधारातच, मी ते वहीत लिहून टाकलं. फोटो पर्समध्ये सरकवला.

“मग पुढच्या शॉटला?”

“फिल्मवर आला म्हणजे आला. ठेवायला हवा.”

संध्याकाळी घरी आल्यावर दादाला सांगितलं. तो मागच्या खोलीत पायांवर शाल घेऊन बसला होता. आम्ही कुजबुजतच बोलायचो.

“तुमच्या सिनेमात फुकट घुसला म्हणायचा,” दादा हसून म्हणाला. “आणि वर चहा पाजताय त्याला.”

“चेष्टा नको, दादा. फोटोत नाहीये तो.”

“तुझा कॅमेरा स्वस्तातला आहे.”

“सत्तावीस वर्षांत...”

“हो, हो, एकही चूक नाही. पाठ आहे मला.” त्याने कप उचलला. दादा डावखुरा. लहानपणी त्याला उजव्या हाताची सवय लावायला आईने जंग जंग पछाडलं होतं, पण हा ढिम्म. शिवाय चमचा कपातच ठेवून चहा प्यायचा. तो एक दिवस डोळ्यात जाईल म्हणून मी चाळीस वर्षं ओरडत होते. “बरं, त्याने चहा प्यायला का?” त्याने विचारलं.

“नाही. नुसता धरून बसलाय.”

“बिचारा. गार झाला असेल.”

दुसऱ्या दिवसापासून सेटवर चौथ्या खुर्चीसमोर कप ठेवायला लागले. सामान सांभाळणारा म्हातारा, ज्याला आम्ही पेटारा म्हणायचो, तो रोज सकाळी त्यात ताजा चहा ओतायचा. खुर्ची रिकामीच असायची. नायक, नायिका आणि आईचं काम करणाऱ्या बाई रिकाम्या खुर्चीकडे बघून संवाद म्हणायचे. आणि रशेसमध्ये तो असायचा. नायकाचा हात त्याच्या बाहीला लागला तर बाहीला सुरकुती पडायची. पहिले दोन दिवस सगळे गप्प होते. मग दिग्दर्शक म्हणाला, “काम चांगलं करतो, नाही?” आणि सगळ्यांनी सुटका झाल्यासारख्या माना हलवल्या. माणसाला सवय कशाचीही होते. त्या वर्षी तर फारच लवकर व्हायची.

चहा कमी होतोय हे फक्त माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या रशेसमध्ये तो काठापासून अर्धं बोट खाली होता. तिसऱ्यात एक बोट. प्रसंग तर आम्ही उलटसुलट क्रमाने घेत होतो, आजचा शॉट सिनेमात आधी, कालचा नंतर. चहा मात्र आमच्या दिवसांप्रमाणे उतरत होता. मी पेटाऱ्याला बाजूला घेतलं.

“कपात रोज किती ओततोस?”

“काठोकाठ. तुम्हीच तर सांगितलंत.”

“आणि संध्याकाळी?”

“तेवढाच असतो, बाई. तसाच मोरीत ओततो.” तो इकडेतिकडे बघून म्हणाला, “मला त्या खुर्चीजवळ जायला नका लावू. बसायची जागा कोमट असते.”

मी त्याला वेड्यात काढलं. नंतर सगळे जेवायला गेल्यावर खुर्चीवर हात ठेवून बघितला. मग हात पदराला पुसला.

ही चूक मी दाखवायला हवी होती. चहाची पातळी जुळत नाही, पुन्हा घ्या, असं म्हणणं माझं कामच होतं. पण पुन्हा घ्या म्हटलं की दिग्दर्शक मूळ फोटो दाखवा म्हणणार, आणि फोटोत काय होतं ते मला ठाऊक होतं. एकदा खोटं लिहिलं की वहीसुद्धा तुमच्या मानगुटीवर बसते. मी रोज पातळी मोजत राहिले. दोन बोटं, अडीच. रशेसमधला माणूस आता टेबलाशी बसलेल्या लोकांकडे बघत नव्हता. तो जरासा वळून कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला बघायचा. डाव्या बाजूला माझं स्टूल असतं.

“तुझ्या पाहुण्याचं काय?” दादा रोज विचारायचा. दिवसभर कोंडलेल्या माणसाला तेवढाच विरंगुळा.

“तळाशी आलाय चहा.”

“मग आता उठेल. चहा संपल्यावर परक्या घरी कोण बसून राहतं?” तो म्हणाला. “किती दिवस राहिले गं ट्रकला?”

“दोन.”

“पलीकडे गेल्यावर पहिलं काम काय करणार सांगू? मोठ्याने खोकणार. चौकात उभा राहून.”

आम्ही दोघंही तोंडावर हात ठेवून हसलो. दादा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा मालवला, यंत्र खरखरलं आणि पडद्यावर चौथी खुर्ची रिकामी होती. समोर कप, कोरडा.

“गेला एकदाचा!” कॅमेरामन म्हणाला आणि सगळे जरा जास्तच मोठ्याने हसले. दिवा लागला. मेकअपच्या ताई माझ्या शेजारी होत्या. त्या हसल्या नव्हत्या. माझ्या कानाशी वाकून त्या म्हणाल्या, “आता गेलाय म्हणून सांगते. तो आमच्या गल्लीतला घड्याळजी होता. दीड वर्षापूर्वी नेला त्याला. माझ्याच डोळ्यांदेखत.”

तो इतके दिवस माझ्याच स्टुलाकडे बघत होता. मी पोटात दुखतंय असं सांगून निघाले. रिक्षा मिळेना म्हणून निम्मा रस्ता चालत गेले, उरलेला पळत. चार वाजले होते. कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली दोनदा हातातून खाली पडली.

आत सगळं जागच्या जागी होतं. दादाच्या चपला पलंगाखाली, शाल घडी केलेली. स्वयंपाकघराच्या टेबलाशी दोन खुर्च्या ओढलेल्या आणि टेबलावर दोन कप. एक अर्धा, आत चमचा. दुसरा रिकामा, कान उजवीकडे.

मी खिडक्या बघितल्या. पलंगाखाली बघितलं. कपाट उघडलं, मग शहाण्या बाईने बघू नये अशा जागी, पिठाच्या डब्यातसुद्धा बघितलं. हाक मारता येत नव्हती. हाक कुणाला, घरात तर एकच माणूस राहतं. समोरच्या काकू दारात गहू निवडत होत्या. मी विचारलं, “कुणी आलं होतं का?”

“तुझ्याकडे?” त्यांनी मान वर केली नाही. “तू एकटीच असतेस ना?”

“हो,” मी म्हटलं.

दार लावताना कार्डाकडे नजर गेली. आकडा एक. आता तो खरा झाला होता. तिथेच पायरीवर बसून मी तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. जावंच लागतं. न जाणारा माणूसही तेव्हा डोळ्यांत भरायचा. दुपारी दिवा मालवला.

चौथ्या खुर्चीत दादा होता.

राखाडी स्वेटर त्याच्या खांद्यांना सैल होत होता. डावीकडे भांग. कपात चहा काठोकाठ.

“हा वेगळाच दिसतो का हो?” दिग्दर्शक म्हणाला.

मला ओरडायचं होतं. हा माझा भाऊ आहे, यंत्र थांबवा. पण ओरडले असते तर त्यांनी रीळ उतरवलं असतं, शॉट पुन्हा घेतला असता, आणि दादा जिथे कुठे होता तिथूनही गेला असता.

“नाही,” मी म्हटलं. “तोच आहे.”

मग नीट बघितलं. कप त्याच्या उजव्या हातात होता. आईने दहा वर्षं मार देऊनही जे झालं नव्हतं ते माझ्या वहीतल्या एका ओळीने झालं होतं. घरी येऊन मी ती ओळ खोडली. ‘उजव्या’च्या जागी ‘डाव्या’ लिहिलं, दोनदा गिरवलं. सत्तावीस वर्षांतली पहिली खाडाखोड. पडद्यावर काही फरक पडला नाही. फिल्मवर जे आलं ते खरं.

जेवणघराचा प्रसंग संपत आला होता. तो संपला की सेट मोडणार, रशेस बंद. मग मी, जिने सत्तावीस वर्षांत कधी नसलेली चूक दाखवली नाही, ती खोट्या चुका काढायला लागले. नायकाचा भांग जुळत नाही. आईच्या बांगड्या कमी. दिवा इंचभर सरकला. दिग्दर्शक माझा शब्द प्रमाण मानायचा. तो मुकाट्याने पुन्हा शॉट लावायचा, आणि मला दादा आणखी एक दिवस दिसायचा. ट्रकची तारीख येऊन गेली.

पाचव्या दिवशी माझी ट्यूब पेटली. चहा दोन बोटं उतरला होता. शूटिंगच्या एकेका दिवसाला एकेक घोट. त्याला बघायच्या हावेपायी मीच तो संपवत होते.

मी दिग्दर्शकाला गाठलं. “सगळं जुळलंय. सेट मोडा. आजच.”

“नाही हो,” तो म्हणाला. “तुमच्यामुळे मलाही आता दिसायला लागलंय. घड्याळाचा काटा हलतोय. अजून चार दिवस घेऊ.”

“घड्याळ बंद आहे ते.”

“तेच तर.”

मी त्याचे हात धरले, चक्क पाया पडायला वाकले. तो घाबरून मागे सरला. “बाई, तुम्ही थकलाय,” एवढंच म्हणाला.

तीन बोटं. मग तळ. दादा आता कॅमेऱ्याच्या डावीकडे बघत होता. ओळखीचं काहीच नव्हतं त्या बघण्यात. घड्याळजीने बघितलं होतं तसंच बघणं होतं ते.

मग एका दुपारी खुर्ची रिकामी होती. यावेळी कुणी हसलं नाही. मेकअपच्या ताई उठून दूर जाऊन बसल्या.

मी सरळ घरी आले. पळाले नाही. बाहेरचं कुलूप पर्समध्ये टाकलं, दार नुसतं लोटलं. चहा टाकला, साखर दादाला लागते तेवढी, म्हणजे माझ्यापेक्षा दोन चमचे जास्त. दोन कप भरले. त्याचा कप त्याच्या खुर्चीच्या डाव्या हाताला ठेवला, आत चमचा घातला. तो येणार हे मला माहीत होतं. येऊ नये असं वाटत होतं, आणि देवाशपथ सांगते, यावा असंही वाटत होतं. माझा भाऊ आहे तो. कप कोणत्या हाताने उचलतो ते बघायचं, मग हा दादाच का ते ठरवायचं. एवढंच मनात धरून बसले.

साडेपाचला दार सरकलं. खिडकीतून अजून चांगलं ऊन येत होतं.

“आलास?” मी म्हटलं.

“आलो.”

“कुठे होतास, दादा?”

“इथेच.”

तो कुजबुजला नाही, नेहमीच्या आवाजात बोलला. बसला. कपाकडे बघून हसला, अगदी दादासारखा. मग त्याने चमचा काढून बशीत ठेवला. कप उचलला नाही, नुसता सरकवला. डावीकडून उजवीकडे. कान आपल्याकडे वळवला.

“घे,” तो म्हणाला. “गार होईल.”

मी मान खाली घातली. माझा कप मी काठोकाठ भरला होता. मोजायची सवय जात नाही.

चहा अर्धं बोट खाली होता. मी अजून हातही लावला नव्हता.